उघाडी

रेवसच्या बंदरापासून धरमतर खाडीच्या काठाने आत गेलं की खारेपाट लागतो. तिथे एक म्हातारा राहत होता. लहानथोर सगळे त्याला नाना म्हणत. नानांचं स्वतःचं शेत तुकडाभरच होतं, पण गावाच्या सगळ्या शेताची राखण त्यांच्याकडे होती. बांधावरची उघाडी ते सांभाळत.

खारेपाटातली जमीन उधाणाच्या पाण्याहून खाली असते. खाडी शेतात शिरू नये म्हणून माती-दगडाचा बांध घालतात, आणि पावसाचं पाणी शेतात तुंबू नये म्हणून त्या बांधात उघाडी ठेवतात. उघाडीला लाकडी झडप असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने ती मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा रेटा तिला उघडतो आणि शेतातलं पाणी खाडीला मिळतं. झडपेत काटकी अडकली, गाळ बसला, की नाना गुडघाभर चिखलात उतरत आणि हाताने ती मोकळी करत. तिथी सांगा, ते भरतीची वेळ सांगत.

एकदा असंच उतरताना उघाडीच्या दगडावरचं कालव त्यांच्या डाव्या पायाला लागलं. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर. जखम नखाएवढी होती. नानांनी तिच्यावर हळद दाबली आणि कामाला लागले.

अशा किती जखमा पूर्वी झाल्या होत्या आणि आपोआप भरल्या होत्या. ही भरली नाही. ती हळूहळू रुपयाएवढी झाली, मग तळहाताएवढी. तिच्यातून पाणी येऊ लागलं. आधी थोडं, मग इतकं की सकाळी बांधलेलं फडकं दुपारी पिळून निघे. पायही संध्याकाळी सुजून येई.

नानांना पाणी अडवण्याची सवय होती. त्यांनी जुन्या उशीतला कापूस काढून जखमेवर ठेवला, त्यावर धोतराची पट्टी आवळली आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली. बाहेर काही दिसेना. आत मात्र पाणी साचत राहिलं.

मग वास येऊ लागला. नानांनी धक्क्यावर बसणं सोडलं. लाँचमधून मुंबईहून कोण आलं, कोण गेलं, ते आता ते विचारत नसत. जेवण पडवीत मागून घेत. नातू मांडीवर बसायला आला की त्याला काहीतरी काम सांगून उठवत. सुनेने विचारलं तर म्हणत, "काही नाही गं, जरा खरचटलंय."

एका सकाळी सुनेने पडवीतलं अंथरूण उचललं. गोधडीचं एक टोक ओलं होतं, आणि ती ओल पिवळट होती. तिने गोधडी उन्हात टाकली, सासऱ्यांना काही बोलली नाही, आणि गावातल्या आशाताईंना गाठलं. दुपारी आशाताई आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना घेऊन आल्या.

नाना पाय दाखवेनात. सिस्टर पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "नाना, उघाडी तुम्हीच बघता ना? मला एकदा दाखवा. मी इथे नवीन आहे." नाना उघाडीबद्दल बोलू लागले. बोलता बोलता त्यांनी पाय कधी पुढे केला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सिस्टरनी पिशवी काढली, पट्टी सोडली. कापूस जखमेला चिकटला होता. त्यांनी तो ओढला नाही. सलाईन ओतून भिजवला, थोडा वेळ थांबल्या आणि सोडवून घेतला. जखमेभोवतीची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि कडेने सुटू लागली होती.

"ही कडेची कातडी कालवाने फाडलेली नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती साचलेल्या पाण्याने कुजली आहे."

मग त्यांनी सुनेकडून पाण्याने भरलेलं एक पातेलं मागून घेतलं. उशीतल्या कापसाचा एक बोळा त्यात टाकला. तो तरंगत राहिला. आपल्या पिशवीतल्या कापसाचा बोळा टाकला. तो पाणी पीत पीत क्षणात तळाला गेला. नाना वाकून पाहू लागले.

"कापूस तर दोन्ही कापूसच," ते म्हणाले.

"कच्च्या कापसावर तेलकट थर असतो. तो पाणी आत घेत नाही. हा धुऊन, तेल काढून केलेला आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एक जाड पॅड काढला. दोन बाजूंना गॉझ आणि मध्ये तसाच कापूस. "बर्मिंगहॅमला जोसेफ सॅम्पसन गॅमजी नावाचे सर्जन होते. त्यांनी १८८० मध्ये असा पॅड केला. आमच्याकडे अजूनही याला गॅमजीच म्हणतात. जखमेतलं पाणी याने प्यायचं, म्हणजे ते कातडीवर बसत नाही."

"पण गच्च बांधलं तर पाणी थांबेल की."

"आधी ते येतं कुठून ते बघू," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने नानांना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेलं.

डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला. साखर तपासली. मग नानांना उभं करून पोटरीवरच्या फुगलेल्या, वळलेल्या शिरा दाखवल्या.

"पायातलं रक्त वर हृदयाकडे जायला हवं," ते म्हणाले. "ते परत खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. तुमच्या झडपा नीट मिटत नाहीत. रक्त खाली उतरतं, पायात दाब वाढतो, आणि त्या दाबाने पाणी कातडीत झिरपतं. वाट मिळाली की जखमेतून बाहेर येतं."

नाना बराच वेळ पायाकडे पाहत राहिले. "म्हणजे उघाडी नासली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी जखमेवर पांढऱ्या लोकरीसारखी एक चकती ठेवली. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून ती करतात, असं त्यांनी सांगितलं. ती आपल्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी पिते आणि पिता पिता मऊ जेलीसारखी होते, म्हणून जखमेला चिकटत नाही. तिच्यावर जाड पॅड आला. कडेच्या कातडीला झिंकचं मलम लागलं. शेवटी बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत पट्टी आली. घोट्याशी अधिक दाबाची, वर जाताना सैल होत गेलेली.

"ही पट्टी म्हणजे तुमची फडक्याची गाठ नव्हे," डॉक्टर म्हणाले. "गाठ एकाच जागी आवळते आणि पाय गुदमरतो. ही पट्टी सगळ्या पायाला आधार देते आणि पाणी वर ढकलते. पायात शुद्ध रक्त नीट पोचतंय हे तपासलं, म्हणून बांधली. पोचत नसतं तर हीच पट्टी पायाला घातक झाली असती. तेव्हा शिकल्याशिवाय कुणी बांधायची नाही. आणि आणखी एक. जखमेतलं सगळंच पाणी वाईट नसतं. थोडी ओल जखमेला लागते, त्या ओलीतच नवी कातडी सरकते. वाईट असतं ते साचलेलं."

शेवाळाच्या चकत्या महाग होत्या. चार घरी आणल्या, त्या संपल्यावर आरोग्य केंद्रातले पॅड आणायचे असं ठरलं. सिस्टरनी सुनेला सगळं शिकवलं. हात साबणाने धुवायचे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट चमचाभर मीठ घालायचं, निवलं की त्याने जखम धुवायची. आतला गॉझ जंतुरहितच हवा. पट्टी खालून वर गुंडाळायची. आणि वरच्या पॅडवर ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहायची.

"डाग पॅडच्या कडेला पोचण्याआधी बदलायचं," सिस्टर म्हणाल्या. "एकदा ओल बाहेरपर्यंत आली की बाहेरचे जंतू त्याच वाटेने आत येतात. ताप आला, लाली वर चढू लागली, वास वाढला, ठणका वाढला, तर माझी वाट बघायची नाही. थेट दवाखाना गाठायचा."

पहिल्या दिवशी सकाळचा पॅड दुपारीच भरला. सुनेने तो बदलला. संध्याकाळी नवाही भरला. नानांना ते सोसेना. पाझर कमी झाला नव्हता, उलट आता तो डोळ्यांना दिसत होता. सून पाय हातात घेई, तेव्हा ते तोंड फिरवून बसत. ज्या पायांना तिने सणावारी नमस्कार करायचा, ते पाय आता ती रोज दोन वेळा धूत होती. पॅडचा खर्च त्यांना दिसे, तिची मोडलेली कामं दिसत. म्हणून रात्री सगळे झोपले की नाना गुपचूप उठत, पट्टीवरून प्लॅस्टिकची पिशवी चढवत आणि वर धोतराची गाठ मारत. पहाटे ते सगळं सोडून ठेवत. अंथरूण कोरडं राही, आणि सुनेला एक खेप कमी पडली असं त्यांना वाटे.

आठवड्याने सिस्टरनी जखम पाहिली. कडा पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी खाली पाहिलं. सिस्टर काही बोलल्या नाहीत.

आषाढ लागला. आवण्या झाल्या आणि शेतं हिरवी झाली. अमावास्येचं उधाण जवळ आलं. उघाडीची झडप जुनी होती, तिच्या फटीतून खारं पाणी थोडं थोडं आत येत होतं. नाना घरी पाय उशीवर ठेवून बसले होते, तेव्हा गावातल्या पोरांनी आपसांत विचार केला. ते मातीच्या गोण्या घेऊन गेले आणि उघाडी बुजवून आले. "आता थेंब आत येणार नाही," ते म्हणाले.

थेंब आला नाही. पण त्या रात्री पाऊस लागला. सगळ्या शेतांचं पाणी वाहत वाहत बांधापाशी आलं. पहाटे ओहोटी लागली, खाडी खाली गेली, तरी आतलं पाणी जागचं हललं नाही. ते वर चढत राहिलं. उजाडायच्या सुमाराला बुजवलेल्या उघाडीच्या बाजूनेच बांध सुटला आणि मोठी खांड पडली. दुपारच्या भरतीला त्याच खांडीतून खाडी आत आली. कडेच्या शेतांतली आवणी खाऱ्या पाण्याखाली गेली.

सगळा गाव बांधावर जमला. दगड, माती, पेंढा, गोण्या, ज्याला जे जमलं ते त्याने आणलं. नाना काठी टेकत आले. त्यांना चिखलात उतरता येईना. त्यांचा आवाज मात्र बांधभर ऐकू गेला.

"झडप गळत होती तर ओहोटीला झडप दुरुस्त करायची! बुजवायची कशाला? बाहेरचं पाणी तेवढं दिसलं तुम्हाला. आत पाऊस पडतो, तो जाणार कुठे? त्याला वाट दिली नाही तर तो स्वतःची वाट पाडतो, आणि पाडतो तेव्हा बांध घेऊन जातो!"

पोरं मान खाली घालून माती ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून खांड बुजली, पुढच्या ओहोटीला गोण्या काढून उघाडी मोकळी केली. बुडालेली शेतं काही परत आली नाहीत. खारं पाणी बसलेल्या त्या शेतांत पुढची दोन-तीन वर्षं पीक धड येणार नव्हतं.

त्या रात्री नानांना झोप लागली नाही. ते दमले होते, आणि पाय ठणकत होता. सून पाणी द्यायला आली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिला पट्टीवरची पिशवी दिसली. ती खाली बसली. थोडा वेळ तिने काहीच म्हटलं नाही.

मग हळूच म्हणाली, "नाना, पोरांनी उघाडी बुजवली म्हणून तुम्ही आज किती रागावलात."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. गाठ सोडायला त्यांचा हात पुढे झाला, पण तो थरथरत होता. गाठ सुनेने सोडली.

"तुला त्रास होतो म्हणून करत होतो गं," ते म्हणाले.

"त्रास रोजचं पाणी टिपण्यात नाही, नाना. ते तर दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही लपवता आणि पाय पुन्हा कुजतो, त्याचा त्रास होतो."

दुसऱ्या दिवसापासून नाना बदलले. डागाची रेघ आता ते स्वतः मारू लागले. चाळीस वर्षं त्यांनी खाडीचं चढणं-उतरणं पाहिलं होतं. पॅडवरची ओल कडेपासून किती दूर आहे, किती वेळात पोचेल, ते अचूक सांगत. "भरत आलं गं, पॅड बदलायला घे," अशी हाक पडवीतून येई आणि सून हात धुऊन येई. दुपारी ते पाय छातीपेक्षा उंच राहील असे उशा लावून पडत. नातू पुन्हा जवळ बसू लागला. डाग केवढा झाला ते मोजण्याचं काम त्याने मागून घेतलं.

पंधरवड्याने सकाळचा पॅड संध्याकाळपर्यंत पुरू लागला. श्रावणात दिवसाला एकच लागला. गौरी-गणपतीत एक दिवसाआड. कडेची कातडी घट्ट झाली, जखमेचा तळ लाल दिसू लागला आणि कडांवरून गुलाबी पापुद्रा आत सरकू लागला.

सिस्टरनी मग पातळ पॅड दिला. नानांना पटेना. "ज्याने एवढा गुण दिला तो जाडच बरा," ते म्हणाले.

"तेव्हा पाणी खूप होतं, म्हणून जाड," सिस्टर म्हणाल्या. "आता ते थोडं आहे. जाड पॅड तेवढंही पिऊन टाकेल. जखम सुकेल, गॉझ चिकटेल, आणि काढताना नवी कातडी निघून येईल. जेवढं वाहतं तेवढंच टिपायचं."

नानांनी मान हलवली. पाण्याचा हिशेब त्यांना कळत होता.

दिवाळीनंतर जखम बुजली. तिच्या जागी पातळ, चकचकीत कातडी आली. अलिबागच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि नानांना दाबाचे मोजे दिले. "शिरांतल्या झडपा नव्या होत नाहीत," ते म्हणाले. "मोजा रोज सकाळी उठायच्या आधी चढवायचा. हे जन्माचं." नानांनी ते मान्य केलं. आता ते चिखलात उतरत नसत. ज्या पोरांनी उघाडी बुजवली होती, त्यांतल्याच एकाला त्यांनी हाताशी घेतलं आणि बांधावर बसून त्याला झडप साफ करायला शिकवलं. गावाने वर्गणी काढून नवी सागवानी झडप बसवली.

पॅडने नानांची जखम भरली असं कुणी म्हणेल, पण जखम नानांच्या देहानेच भरली. मूळ दुखणं शिरांत होतं, त्यावर उपाय पट्टीने आणि पाय उंच ठेवण्याने झाला. पॅडचं काम याहून साधं होतं. रोज जेवढं वाहिलं, तेवढं त्याने आपल्यात घेतलं. त्यामुळे भोवतीची चांगली कातडी वाचली आणि देहाला भरून यायला सवड मिळाली. तेवढं साधं काम झालं नसतं, तर मोठे उपायही वाया गेले असते.

घराघरांत असं काहीतरी वाहत असतं. कुणाच्या पायातून, कुणाच्या मनातून. ज्याचं वाहतं तो लाजेने ते दाबून धरतो, आणि घरच्यांनाही वाटतं की दिसेनासं झालं म्हणजे थांबलं. दाबलेलं पाणी आत साचतं आणि भोवतीचं धडधाकट असतं ते कुजवतं. म्हणून ते उघड करावं, कशामुळे वाहतं ते जाणत्याला विचारावं, आणि भरून येईपर्यंत टिपत राहावं, कमी नाही आणि जास्तही नाही. दुसऱ्याचं वाहणं न कंटाळता टिपून घेणारं माणूस घरात असलं, तर बऱ्याच जखमा भरतात. आणि ज्याची जखम आहे त्याने त्या माणसाला ते करू द्यावं.